प्रश्न वाचकांचे : जुनी टपाल तिकिटे घेताना

टपाल तिकिटांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. उत्तरे जुने संग्राहक आणि तिकिटे तपासण्याचे काम करणारे जाणकार यांनी मिळून दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भारतीय तिकिटांच्या बाजारात साफ बनावट तिकीट भेटतेच, पण त्याहून जास्त भेटते ते खरे, स्वस्त तिकीट, ज्यावर काहीतरी चढवून किंवा ज्यावरचे काहीतरी पुसून ते महाग केलेले असते. त्यामुळे तिकीट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न असा असावा : याची किंमत नेमकी कशामुळे वाढली आहे? मग तेवढीच गोष्ट तपासायची.

गांधीजींचे १९४८ चे दहा रुपयांचे तिकीट एका संकेतस्थळावर बाराशे रुपयांना, ‘मिंट, शंभर टक्के अस्सल’ म्हणून दिसते आहे. घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

घेऊ नका. चांगल्या स्थितीतले कोरे तिकीट त्या भावात कोणी जाणता विक्रेता सोडत नाही. भारतीय तिकिटांत सर्वांत जास्त नकला याच तिकिटाच्या फिरतात, म्हणून ते कसे तपासायचे ते सविस्तर सांगतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी हा चार तिकिटांचा संच निघाला : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. तो नाशिकला छापलेला नाही. स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्यात फोटोग्रेव्ह्युअर पद्धतीने तो छापला गेला. त्यामुळे त्या काळच्या नाशिकच्या तिकिटांच्या कागदात दिसणाऱ्या चांदण्या इथे नाहीत. कागदात जलचिन्हच, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूणच, नाही. छिद्रण ११½ आहे, म्हणजे दोन सेंटिमीटर लांबीत साडेअकरा छिद्रे.

दहापट भिंगाखाली आधी गालावरची सावली पाहा, मग ‘बापू’ ही अक्षरे. ग्रेव्ह्युअर छपाईत सगळे चित्र बारीक, एकसारख्या जाळीतून उतरते, अक्षरेसुद्धा. म्हणून खऱ्या तिकिटात अक्षरांच्या कडा भिंगाखाली किंचित करवतीसारख्या दिसतात. तिकीट दोनच शायांचे आहे : जांभळट तपकिरी आणि गर्द तांबडी. नक्कल बहुधा चार रंगांच्या ऑफसेटवर किंवा घरच्या प्रिंटरवर काढलेली असते. तिच्यात पिवळे, निळे, काळे ठिपके फुलासारख्या वर्तुळात किंवा विखरून दिसतात. एक जरी पिवळा किंवा निळा ठिपका दिसला, तर पुढे तपासण्याची गरज नाही.

भिंगातून पास झाले तर छिद्रणमापक लावा. नकलांचे दाते बहुतेक वेळा ११½ ला बसत नाहीत. शेवटी लांब लहरींचा, म्हणजे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. कागद पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली. १९४८ चे म्हणून दिलेले तिकीट त्या दिव्याखाली निळसर पांढरे झगझगले, तर कागद नंतरचा आहे. एवढे मात्र लक्षात ठेवा की साबणाच्या पाण्यात धुतलेले खरे तिकीटही थोडे चमकू शकते. त्यामुळे फक्त दिव्यावर निकाल देऊ नये. भिंगाचा पुरावा मोठा.

याच संचावर काळ्या अक्षरांत ‘सर्व्हिस’ छापलेली तिकिटे गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होती. त्यांचे फक्त शंभर संच तयार झाले. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची जोडपट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी आल्यापासून खऱ्या, साध्या गांधी तिकिटांवर ‘सर्व्हिस’ छापून विकणाऱ्यांचे फावले आहे. मान्यवर तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र नसेल, तर अशा तिकिटाला साध्या तिकिटापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये. घाई करणारा विक्रेता असेल तर साधा भावही देऊ नये.

आजोबांच्या वहीत राणीचे निळे अर्ध्या आण्याचे तिकीट आहे. कडेला दाते नाहीत, मागे डिंक नाही. १८५४ चे आहे असे सांगतात. एकाने ‘लाखाचे आहे’ म्हटले, दुसऱ्याने ‘नकली आहे’.
— निवृत्त शिक्षिका, पुणे

बहुधा दोघेही चुकत आहेत. दाते नसणे हे १८५४ च्या तिकिटाचे लक्षणच आहे. ही तिकिटे कलकत्त्यात सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयात शिळाछापाने छापली गेली आणि पोस्टात कात्रीने कापून दिली जात. अर्धा आणा निळा, एक आणा तांबडा, चार आणे निळा-तांबडा ही शिळाछापाची. दोन आण्याचे हिरवे मात्र धातूच्या ठशांवरून छापलेले. दोन आण्याच्या तिकिटात म्हणूनच रेघा कागदात किंचित दाबल्यासारख्या वाटतात. शिळाछापात तसे होत नाही. शाई सपाट असते आणि मागून बोट फिरवले तर उठाव लागत नाही.

कागदात ईस्ट इंडिया कंपनीच्या राजचिन्हाचे मोठे जलचिन्ह होते, पण ते संपूर्ण तावावर एकच पसरलेले. त्यामुळे एका तिकिटात त्याचा एखादा तुकडा येतो किंवा काहीच येत नाही. जलचिन्ह दिसत नाही म्हणून तिकीट नकली, असे म्हणणाऱ्याला या मालिकेची माहिती नाही.

किंमत ठरते ती कडांवर. चारही बाजूंना चौकटीबाहेर कोरा कागद शिल्लक असेल तर ते चांगले तिकीट. एका बाजूला कात्री चौकटीत शिरली असेल तर भाव निम्म्याहून खाली येतो. दोन बाजूंना शिरली असेल तर अगदी थोडा राहतो. निळा अर्धा आणा मोठ्या संख्येने छापला गेला होता आणि आजही मिळतो. लाखांची गोष्ट होते ती चार आण्याच्या तिकिटात राणीचे डोके उलटे छापले गेले त्या चुकीची. तशी तिकिटे मोजकी आहेत आणि बहुतेक संग्राहकांच्या नोंदीत आहेत. तांबड्या रंगातले, कडेच्या नक्षीत साडेनऊ कमानी असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट तयार झाले होते, पण जारी झाले नाही. त्याच्याही नकला पुष्कळ.

तुमच्या तिकिटावर ठिपक्यांच्या चौकोनात आकडा असा शिक्का असेल तर तो त्या काळाशी जुळतो. पाण्यात घालू नका, कडा ‘नीट’ करायला कापू नका, चिकटपट्टी लावू नका. वहीतून सुटत नसेल तर वहीचे पानच थोडे मोठे कापून ठेवा.

‘मिंट, नेव्हर हिंज्ड’ (कोरे, वहीत कधीच कागदी पट्टीने न चिकटवलेले) म्हणून घेतलेल्या तिकिटाला नवा डिंक लावला आहे हे कसे ओळखायचे?
— एक वाचक, सांगली

तिकिटांचा ताव आधी डिंकला जातो आणि मग छिद्रले जाते. छिद्रांवरून फाडल्यावर दात्यांच्या टोकाला कागदाचे पांढरे, मऊ तंतू सुटतात आणि डिंक टोकाच्या अलीकडे नेमका थांबतो. नवा डिंक सुट्या तिकिटाला लावलेला असतो. तो दात्यांवरून वाहतो, छिद्राच्या आत उतरतो आणि तंतूंना गोळा करतो. तिकीट उभे धरून दात्यांची कड खालच्या ओठावर हलकेच फिरवा. जुने दाते मऊ लागतात. नव्याने डिंकलेले टोचतात. मग भिंगाखाली कड बघा, छिद्रात डिंकाची चमक दिसते का ते.

दुसरी खूण हवामानाची. कोकणात किंवा मुंबईत साठ-सत्तर पावसाळे काढलेल्या तिकिटाचा डिंक पिवळसर होतो, त्याला सुरकुत्या किंवा बारीक भेगा पडतात. जॉर्ज पाचव्याच्या काळातले तिकीट, मागचा डिंक काचेसारखा गुळगुळीत आणि एकसारखा, आणि ते ‘रत्नागिरीच्या घरात सापडले’ असे सांगितले जाते. अशा वेळी थांबावे.

तिसरी तपासणी दोष शोधायची. नवा डिंक लावण्याचे कारणच बहुतेकदा खालचा दोष लपवणे हे असते : हिंज, म्हणजे वहीत लावायची ती कागदी पट्टी, ओढून काढताना कागद पातळ झालेला असतो. काळी ताटली घ्या, तिकीट पालथे ठेवा, लायटरमध्ये भरायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाका. पातळ जागा, घडी, चिकटवलेली फाट काळसर उमटते, आणि जलचिन्हही दिसते. द्रव मिनिटभरात उडून जातो आणि डिंकाला अपाय होत नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. मात्र ग्रेव्ह्युअर छपाईची काही तिकिटे या द्रवात रंग सोडतात. वर सांगितलेल्या गांधी तिकिटाला जलचिन्ह नाहीच, तेव्हा त्याला हा द्रव लावण्याचे कारणही नाही.

दात्यांची दुरुस्तीही याच जोडीने चालते. तुटके दाते कापून नवे पाडले की तिकीट अर्धा ते एक मिलिमीटर अरुंद होते. त्याच मालिकेतले एखादे स्वस्त, वापरलेले तिकीट जवळ ठेवून त्यावर हे तिकीट ठेवा. अरुंदपणा लगेच दिसतो. समोरासमोरच्या दोन कडांचे छिद्रण सारखे हवे. हाताने पाडलेली छिद्रे एकतर फारच स्वच्छ गोल असतात किंवा ओळीत थोडी वाकडी जातात.

‘दाते नसलेली चूक’ म्हणून सुटे तिकीट कधीच घेऊ नका. मोठ्या कडांचे साधे तिकीट कापून ती चूक कोणीही बनवते. अशी चूक जोडीत असावी, दोन तिकिटांच्या मधली जागा कोरी असावी, आणि जोडीत छिद्रांचा पुसटसा ठसाही नसावा. ‘एक रंग गायब’ या चुकीचेही तेच. उन्हात ठेवलेल्या किंवा रसायनाने धुतलेल्या तिकिटाचा पिवळा किंवा गुलाबी रंग पहिला उडतो. भिंगाखाली त्या रंगाचे चार-दोन ठिपके उरले असतील तर ती चूक नव्हे.

भोर संस्थानाची तिकिटे एका जत्रेत मिळाली. शिवाय ग्वाल्हेरचे ओव्हरप्रिंटही. दोन्ही खरी आहेत का हे कसे पाहायचे?
— संग्राहक, सातारा

भोरची १८७९ ची अर्धा आणा आणि एक आणा ही तिकिटे हाताने ठसा मारून देशी, हातकागदावर काढलेली आहेत. दाते नाहीत, डिंक नाही, रंग किरमिजी. कागद उजेडासमोर धरला की जाडी असमान दिसली पाहिजे, कुठे तंतूंची गुंतवळ, कुठे विरळ. आजचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला असतो, तेव्हा डाग कडांपाशी गडद आणि आत फिका असा उतरतो. ठसा हाताचा असल्याने एकाहून एक वेगळा पडतो. जत्रेत मिळालेल्या चार तिकिटांवर शाईचा तोच तुटकेपणा त्याच जागी असेल, तर एका चित्रावरून सगळी छापली आहेत. पाणी अजिबात लावू नका. १९०१ च्या पंतसचिव शंकररावांच्या चित्राच्या तिकिटात वेगळाच धोका आहे : वापरलेले तिकीट कोऱ्यापेक्षा कितीतरी महाग, म्हणून कोऱ्यावर शिक्का मारून विकतात. त्या तिकिटावरचा शिक्का पाकिटासकट असेल तरच जास्त पैसे द्या.

ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट या सहा संस्थानांनी इंग्रज सरकारच्या तिकिटांवर आपले नाव छापून ती वापरली. मूळ तिकीट स्वस्त आणि छापलेल्या नावामुळे महाग, तेव्हा नाव खोटे असण्याची शक्यता मोठी. वापरलेल्या तिकिटात एकच प्रश्न पुरेसा आहे : शाईचा कोणता थर वर आहे? नाव आधी छापले गेले आणि शिक्का नंतर बसला, हा खरा क्रम. वीसपट भिंगाखाली शिक्क्याची काळी शाई नावाच्या खाली गेलेली दिसली, तर नाव नंतरचे आहे. कोऱ्या तिकिटात अक्षरांचा आकार आणि अंतर खात्रीच्या स्वस्त तिकिटाशी ताडून पाहा. संगणकावरून छापलेले नाव मागून अजिबात दाबलेले नसते.

जम्मू-काश्मीरची जुनी गोल व चौकोनी तिकिटे पाहून मोह होतो, पण नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. काही पाणरंगात, काही तेलरंगात छापलेली, आणि नकला व पुनर्मुद्रणे इतकी की भले भले जपून पाऊल टाकतात.

पाचव्या जॉर्जचे पंचवीस रुपयांचे तिकीट, मुंबईच्या गोल शिक्क्यासह, स्वस्तात मिळते आहे.
— एक वाचक, नागपूर

मोठ्या किमतीची ही तिकिटे तारखात्याच्या आकारासाठीही लावली जात. तारेचा शिक्का असलेले किंवा शाईने रेघ मारून रद्द केलेले तिकीट टपालात वापरलेल्या तिकिटापेक्षा फार स्वस्त. म्हणून रेघ रसायनाने काढतात आणि वर नवा गोल शिक्का मारतात. अतिनील दिव्याखाली तिकिटाची दर्शनी बाजू पाहा. जुन्या शाईची रेघ डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी दिव्याखाली काळपट वाट उरते, आणि धुतलेला भाग बाकीच्या कागदापेक्षा वेगळा दिसतो. तिरक्या उजेडात छपाईची झळाळी एका पट्ट्यात गेलेली आहे का तेही पाहा. शिक्क्याचा कंस तिकिटाच्या कडेवरून सहज बाहेर जायला हवा; कोपऱ्यात नेटका बसवलेला पूर्ण गोल शंकास्पद.

जलचिन्हही पाहा. लंडनला डी ला रू या छापखान्याने छापलेल्या जॉर्ज पाचव्याच्या तिकिटात एकच चांदणी असते, १९२६ पासूनच्या नाशिकच्या छपाईत चांदण्या कागदभर विखुरलेल्या. चित्र तेच, भाव वेगळा.

‘१५ ऑगस्ट १९४७’ च्या शिक्क्याचे, तिरंगी झेंड्याचे तिकीट लावलेले पाकीट दाखवले गेले.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

हे पाकीट खरे असूच शकत नाही. झेंड्याचे, ‘जय हिंद’ लिहिलेले साडेतीन आण्याचे तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले. अशोकस्तंभाचे दीड आण्याचे आणि विमानाचे बारा आण्याचे १५ डिसेंबरला. स्वातंत्र्याच्या दिवशीच्या खऱ्या पाकिटांवर सहाव्या जॉर्जची तिकिटे आहेत. ‘जय हिंद’ हा शब्द असलेला शिक्का मात्र खरोखर वापरला गेला होता, आणि त्याचाच आधार घेऊन अशी पाकिटे रचतात.

कोणतेही पाकीट घेताना तीन गोष्टी जुळवा : तिकीट निघाल्याची तारीख, त्या काळचा टपालाचा दर, आणि मागचा पोहोच-शिक्का. उदाहरणार्थ, १८५४ च्या दराने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, एक तोळ्यापर्यंत दोन आणे. साध्या पातळ पत्रावर कारण नसताना दोन-तीन मोठ्या किमतीची तिकिटे दिसली, तर ती नंतर चिकटवली असावीत. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर अखंड उतरली पाहिजे. भिंगाखाली कडेपाशी ती अर्धा मिलिमीटरही सरकलेली असेल तर तिकीट बदललेले आहे.

हजार परदेशी तिकिटांचे पाकीट तीनशे रुपयांना आणि ‘गुंतवणूक’ म्हणून नव्या भारतीय तिकिटांचे ताव. काय घ्यावे?
— एक वाचक, रत्नागिरी

मुलांना देश, भाषा, चित्रे ओळखायला पाकीट छान आहे. त्यात सापडणारी अजमान, फुजैरा, मनामा अशी नावे असलेली मोठी, रंगीत तिकिटे संग्राहकांसाठीच, शिक्का मारूनच छापली होती. त्यांना पुढे भाव येत नाही. नवी भारतीय तिकिटे लाखोंनी छापली जातात. ती टपाल खात्याच्या फिलाटेलिक ब्युरोतून दर्शनी किमतीत घ्या, मुंबईत जीपीओमध्ये ती सोय आहे. आवडतात म्हणून घ्या. विकून नफा होईल या हिशेबाने तावच्या ताव भरू नका.

गोव्यातली पोर्तुगीज काळातली तिकिटे मिळतात. ‘रिपब्लिका’ छापलेली खरी का?
— एक वाचक, मडगाव

पोर्तुगीज इंडियाची तिकिटे १८७१ पासून आहेत, आणि १९१० च्या पोर्तुगालमधल्या क्रांतीनंतर जुन्या राजेशाहीच्या तिकिटांवर ‘रिपब्लिका’ छापून ती चालवली गेली. अशी बरीचशी खरी आणि स्वस्त आहेत. नाव उलटे किंवा दोनदा छापले गेलेल्या ‘चुका’ मात्र प्रमाणपत्राशिवाय नकोत. घरातल्या कागदपत्रांत पत्रासकट पाकीट सापडले तर तिकीट सोडवू नका. मडगाव, म्हापसा, पणजी अशा टपालघरांचे शिक्के असलेले पूर्ण पाकीट सुट्या तिकिटापेक्षा मोलाचे असते.

सुरुवातीला कोणती साधने घ्यावीत, आणि प्रमाणपत्राचे काय?
— एक वाचक, नाशिक

दहापट भिंग, छिद्रणमापक, चपट्या टोकाचा चिमटा, काळी ताटली आणि ३६५ नॅनोमीटरचा छोटा दिवा. पहिल्या वर्षी याहून जास्त लागत नाही. पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक खिशांचे अल्बम टाळा. ते तिकिटांना चिकटतात. डांबरगोळ्याही जवळ नकोत. स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग पाहून भाव करताना हे ध्यानात ठेवा की तो आकडा निर्दोष तिकिटासाठी ती कंपनी स्वतः विकताना लावील तो. भारतात साधी तिकिटे लिलावात त्याच्या बऱ्याच खाली जातात.

दुरून घेत असाल तर पुढचे, मागचे आणि तिरक्या उजेडातले असे तीन मोठे फोटो मागा, आणि ‘तज्ज्ञांनी नाकारल्यास पैसे परत’ हे लेखी घ्या. हे लिहून द्यायला नकार देणाऱ्याशी व्यवहार थांबवा. महागड्या तिकिटासाठी लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचे किंवा ब्रिटनमधल्याच बीपीए या तिकिटे तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र जगभर मानले जाते. पाठवण्याआधी सीमाशुल्काचे नियम विचारून घ्या. काही हजारांच्या आतल्या तिकिटासाठी हा खर्च परवडत नाही. विक्रेता तयार प्रमाणपत्र दाखवत असेल तर त्यावरचा क्रमांक त्या संस्थेकडे विचारा, आणि फोटोतले तिकीट हातातल्या तिकिटाशी दात्यादात्याने जुळवा : कोणता दाता आखूड आहे, शिक्का कुठे तुटतो, चित्र चौकटीत किती तिरके बसले आहे. खऱ्या प्रमाणपत्रासोबत दुसरेच तिकीट देण्याचे प्रकार होतात.